आप्पांची जीभ अडखळली तेव्हा

आप्पांची झडप पडली. मी कॉर्ड लावली आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "नंबर प्लीज."

पलीकडून जे आलं ते शब्द नव्हते. ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखे आवाज होते. "बा… वौं… द्द…" मग काहीतरी आपटलं. त्यानंतर नुसती गाळ्यातली गडबड ऐकू यायला लागली.

निहार, सई, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू ऑफिसमध्ये दिवसभर नक्की काय करायचीस?" मी म्हटलं, लिहून कळवते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सोपं लिहिते आहे. पण प्रसंग सोपा नाही.

सत्तरच्या दशकात मी शिरूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. रेल्वेचा मोठा संप झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. तेव्हा आमच्याकडच्या फोनला डायल नव्हती. फोनच्या पेटीचं हँडल गरगर फिरवलं की आमच्या बोर्डावर त्या माणसाच्या नावाची छोटी पितळी झडप खाली पडायची. मी तिथल्या भोकात कॉर्ड घालायची. कॉर्ड म्हणजे टोकाला पितळी पिन असलेली जाड वायर. कोण हवंय ते विचारायचं आणि दुसरी कॉर्ड त्या माणसाच्या भोकात लावायची. झालं, दोघं बोलायला मोकळे. बाहेरगावचा कॉल असला तर तो ट्रंक कॉल. शिरूरहून दौंड हाही तेव्हा ट्रंक कॉलच होता. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून आठवण करून द्यायची.

दोघांना एकमेकांचं नीट ऐकू येतंय ना, हे बघायला पहिले चार शब्द ऐकणं हा आमच्या कामाचा भाग होता. त्यापुढे ऐकायचं नाही. आणि कानावर पडलेलं कुणालाही सांगायचं नाही. नोकरीला लागताना तशी सही करून दिली होती. त्यामुळे झालं असं की गावातल्या निम्म्या लोकांचे चेहरे मला माहीत नव्हते, पण आवाज पाठ होते. कोणाला सर्दी झाली आहे, कोण रात्री झोपलेलं नाही, कोणाचं घरात भांडण झालं आहे, हे मला "हॅलो" वरून कळायचं.

आप्पांचा आवाज तर ओळखावाच लागत नसे. केरूआप्पा मूळचे मांडवगण फराट्याचे. शिरूरच्या मार्केट यार्डात त्यांचा अडतीचा गाळा होता. म्हणजे शेतकऱ्यांनी आणलेला माल लिलावात विकून द्यायचा आणि त्यावर कमिशन घ्यायचं. आपला लिलाव आप्पा स्वतः पुकारत. यार्डाच्या फाटकाबाहेर टांगेवाल्यांना ऐकू जाईल असा त्यांचा आवाज होता. त्यांचे धाकटे भाऊ नाना दौंडला कांद्याचा व्यापार करत. दौंड जंक्शन, तिथून माल वॅगननं लांब जायचा. रोज सकाळी हे दोघे एकमेकांना भाव विचारत, आणि तो कॉल मी जोडून देत असे. "बाई, दौंड द्या," एवढंच आप्पा म्हणत. "प्लीज"चं उत्तर म्हणून कधीकधी "पिलीज" असंही म्हणत आणि स्वतःच हसत.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत पाहिजे. आप्पांनी आपल्या गावातली हातभट्टी बंद पाडली होती. बायकांना बरोबर घेऊन, दारूची पिंपं उलथी करून. त्यांनी स्वतः आयुष्यात थेंब घेतलेला नव्हता. त्यामुळे त्यांना देवासारखं मानणारे बरेच होते, आणि त्यांचा पाय कधी घसरतो याची वाट बघणारेही होते.

त्या सकाळी आवाज खराब आला तेव्हा मी शिकवल्याप्रमाणे केलं. आधी कॉर्ड बदलली. मग लाईन तपासली. पलीकडे वजनकाट्याचा खणखणाट आणि कुणाचा तरी खोकला अगदी स्वच्छ ऐकू येत होता. लाईन चांगली होती. फोनही चांगला होता. मग कुणीतरी रिसीव्हर उचलला. गाळ्यावरचा हमाल होता.

"बाई, थांबा जरा. आप्पा बसल्यात."

"काय झालं?"

"काय न्हाई." त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला असावा, पण हात नीट बसला नव्हता. "सकाळसकाळी लावून आल्यात वाटतं," तो कोणाला तरी म्हणाला, आणि दोघं हसले.

थोड्या वेळानं झडप पुन्हा पडली. आता आवाज नेहमीचा होता, खणखणीत.

"बाई, लाईन खराब हुती का वं मघाशी?"

"नाही आप्पा. लाईन चांगली होती."

 मग, "मग आसंल कायतरी. दौंड द्या."

मी दौंड दिलं.

पुढच्या आठ दिवसांत गावात बोलणं पसरलं. एक्स्चेंजच्या बाहेर बाकडं होतं. ज्यांच्या घरी फोन नसे ते कॉल लावायला येऊन तिथं बसत. खिडकी उघडी असे. मला कान टवकारायची गरज पडत नसे.

"परवा लिलावात आप्पा बोलायला लागला तर तोंडातनं शब्दच येईना. जीभ हिकडं, शब्द तिकडं."

"भट्टी बंद केली त्यानं. आता कुठनं आणतोय?"

"बंद केली म्हंजी घरी नेली आसंल."

हा शेवटचा विनोद फारच गाजला. मी तो दिवसभरात निरनिराळ्या माणसांकडून ऐकला.

मला ते पटत नव्हतं. प्यालेल्या माणसांचे फोन मी जोडलेले होते. दारूचा आवाज हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. आप्पांचा आवाज दिव्यासारखा गेला होता आणि दिव्यासारखा परत आला होता. पण याचा अर्थ काय, ते मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर इनामदारांना ते ठाऊक होतं. त्यांचा दवाखाना एक्स्चेंजपासून जवळच होता. एक दिवस त्यांचा फोन बंद पडला म्हणून पुण्याचा कॉल लावायला ते स्वतः आले. पुण्याची लाईन मिळायला वेळ लागत असे. मी विचारलं, "डॉक्टर, एखाद्याची जीभ एकदम जड होऊन पाव तासात पुन्हा ठीक होते का?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "कोणाची?"

"नाव सांगता येत नाही."

"वय?"

"साठीच्या आसपास."

"तंबाखू खातो?"

मला आप्पांची दाढेखाली काहीतरी धरून बोलायची लकब आठवली. "हो."

"मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत काहीतरी अडकतं," डॉक्टर म्हणाले. "कधीकधी ते आपोआप सुटतं. मग माणूस पुन्हा ठणठणीत. त्याला वाटतं, गेलं. ते गेलेलं नसतं. ती मोठ्या झटक्याची सूचना असते. कधी जीभ जड होते, कधी तोंडाची एक बाजू लोंबते, कधी एका हातापायातलं बळ जातं, कधी एका डोळ्यापुढे अंधार. दुखत काहीच नाही, तीच पंचाईत आहे. दुखलं असतं तर लोक धावत आले असते."

"आणि मग?"

"मग लकवा. आपले लोक म्हणतात अंगावरून वारं गेलं. वाऱ्याचा काही संबंध नाही. पण खिडक्या बंद करून बसतात आणि पारव्याचं रक्त चोळतात." ते जरा चिडले होते. "त्या माणसाला आज माझ्याकडे पाठवा. उद्या नाही, आज. ब्लडप्रेशर बघू. गोळ्या आहेत. मीठ कमी करू, तंबाखू सोडवू. झटका टळेल अशी खात्री देत नाही, पण पुष्कळदा टळतो."

तेवढ्यात पुणे लागलं.

ड्यूटी संपल्यावर मी यार्डात गेले. आप्पांना मी पहिल्यांदा समोरासमोर बघत होते. आवाजावरून मी त्यांना उंच समजत होते. ते बुटके होते, गोल चेहऱ्याचे, डोक्याला पांढरा पटका. मी नाव सांगायच्या आत त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"या बाई. बसा. आज पिलीज हिकडं कसं आलं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. गाळ्यात दुसरं कुणी नव्हतं. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. डॉक्टरांपुढे आप्पांचं नाव मी घेतलं नव्हतं, हेही सांगितलं. आप्पा ऐकत होते, चिमटीतली तंबाखू तशीच धरून.

"म्हंजी तुमाला न्हाई वाटलं, म्या घेतली म्हून?"

"नाही."

"तुमी पयल्या." त्यांनी तंबाखू परत चंचीत टाकली. "बायकूबी विचारती, खरं सांगा म्हून. चाळीस वर्साची बायकू."

"पूर्वी कधी झालं होतं असं?"

"दोनदा. एकदा हातातनं पेन्सिलच गळाली. ह्यो हात माजा न्हाईच आसं वाटलं. चोळला, झाला बरा."

"आप्पा, आजच्या आज डॉक्टरांकडे चला. मी येते बरोबर."

त्यांनी मान हलवली. "त्या दवाखान्यात म्या जानार न्हाई."

"का? डॉक्टर चांगले आहेत."

"मानूस सोन्यावानी हाय. पन त्याच्या दारात कोन कोन जातंय, म्हाईत हाय न्हवं तुमाला?"

मला आधी कळलंच नाही. मुलांनो, तुम्हाला तर मुळीच कळणार नाही. तेव्हा दारू प्यायला सरकारचं परमिट लागायचं. आणि परमिटसाठी पुष्कळदा डॉक्टरचा दाखला लागायचा, की या माणसाच्या तब्येतीला दारू आवश्यक आहे. गावातले हौशी लोक त्या दाखल्यासाठी दवाखान्यांत चकरा मारत. इनामदार असे दाखले देत नसत. पण बाहेर उभं राहून बघणाऱ्याला आत काय चाललंय ते थोडंच दिसतं?

"म्या तितं पाय ठिवला," आप्पा म्हणाले, "की सांजच्याला यार्डात उठंल, आप्पा परमिट काढाया गेलता. मग म्या कुनाकुनाला सांगत फिरू? त्या भट्टीवाल्याला? आमच्या गावच्या बायकांला? त्यांनी पदर खोचून पिंपं उलथली हुती बाई, माज्या शब्दावर."

मी म्हटलं, "लोक म्हणतील ते म्हणतील. जीव महत्त्वाचा."

"तुमचं गाव न्हाई हे," ते म्हणाले. रागानं नव्हे. मग मलाच समजावल्यासारखं, "आसं करतो. दौंडला जातो. तितं नानाच्या वळखीचा डाक्टर हाय आन् मला कोन वळखत न्हाई. एवढा बाजार उरकू द्या. आता बगा की, ठनठनीत हाय म्या."

ते खरोखरच ठणठणीत दिसत होते. हीच तर या दुखण्याची लबाडी आहे. मी निघताना ते म्हणाले, "घरी काय बोलू नगा. लगीच रडारड." मला बोलताही आलं नसतं. त्यांच्या कॉलवरून मला जे कळलं होतं ते त्यांच्याखेरीज कुणालाही सांगायला बंदी होती.

एक बाजार गेला. दुसरा गेला. रोज सकाळी झडप पडली की मी आवाज नीट ऐकून घ्यायची आणि विचारायची, "दौंडला कधी?" ते म्हणायचे, "जातो की. कांदा लई आलाय." सुपरवायझर देवकरांनी एकदा ऐकलं. "बाई, कॉल जोडताना खाजगी बोलणं नको," ते म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात आप्पा खरंच निघाले. कांद्याचा ट्रक दौंडला जायचा होता, त्यात ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेले. सकाळी मला म्हणाले, "आज नानाला कॉल न्हाई. आज म्याच चाललोय. तुमच्या मनासारकं." मला फार बरं वाटलं.

पुढचं मला नंतर ट्रकच्या ड्रायव्हरनं सांगितलं. त्याचं नाव बाळू. आप्पांनी त्याला ट्रकसाठी जामीन राहून उभं केलं होतं, आप्पांसाठी तो काहीही करायला तयार होता. वाटेतलं न्हावरा गाव ओलांडलं आणि आप्पा बोलता बोलता थांबले. मग पुन्हा बोलले, पण शब्द चिकटलेले. मग बाळूच्या अंगावर रेलले. पटका खाली पडला तो त्यांनी उचलला नाही.

"मला वाटलं, आज लईच झालीय," बाळू म्हणाला. "म्या बाकी काय बघितलंच न्हाई बाई. म्या म्हनलं, आप्पाची आब्रू राखायची."

त्यानं ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला. बरोबरच्या हमालाच्या मदतीनं आप्पांना मागे कांद्याच्या गोण्यांवर निजवलं. वरून ताडपत्री ओढली. कोणाला दिसू नये म्हणून. दौंडला पोचल्यावर यार्डात गर्दी होती. तो आत गेला नाही. ट्रक बाहेर झाडाखाली लावून गर्दी ओसरायची वाट बघत बसला. मग नानांच्या गोडाऊनला मागच्या दारानं नेलं. नानांनी भावाकडे पाहिलं आणि खाली मान घातली. उतरावी म्हणून लिंबूपाणी पाजलं. ते तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळत राहिलं. ते पुसलं आणि पुन्हा पाजलं.

मी बाळूला विचारलं, "अरे, वास तरी आला होता का दारूचा?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आप्पाच्या तोंडाचा वास कोन घेनार बाई? देवमानूस त्यो."

दुपार कलली होती तेव्हा दौंडहून कॉल आला, आप्पांच्या घरासाठी. घर गाळ्याच्या मागेच होतं, फोन एकच. फोनवर आप्पांच्या पत्नी सरूबाई आल्या. ऐकू येतंय ना हे बघायला मी लाईनवर होते.

"वहिनी," नाना हळू आवाजात बोलत होते, "दादा हितंच हाय. जरा जास्त झालीया. झोपवलंय. उद्या धाडतो. कुनाला बोलू नगा."

"आवं पन ते डाक्टरकडं गेलं हुतं न्हवं?" सरूबाई म्हणाल्या. निघताना आप्पांनी त्यांना एवढं तरी सांगितलं होतं.

"कसलं डाक्टर वहिनी? उभं ऱ्हाता येत न्हाई त्याला."

इथे मी बोलले. मध्ये बोलायचा अधिकार मला नव्हता.

"नाना, मी शिरूर एक्स्चेंज बोलतेय. फोन ठेवू नका. आप्पांजवळ जा. त्यांना दात दाखवायला सांगा. तोंड एका बाजूला जातंय का बघा. मग दोन्ही हात वर करायला सांगा. दोन्ही. आणि येऊन मला सांगा."

"कोन? बाई, तुमी का मदी…"

"नाना, जा."

सरूबाई एकदम विचारायला लागल्या, काय झालं, बाई काय झालं. मी म्हटलं, थांबा. आम्ही दोघी थांबलो. लाईनवर कुठल्यातरी दुसऱ्या कॉलचे शब्द हलके हलके ऐकू येत होते, कुणीतरी लग्नाच्या मांडवाबद्दल बोलत होतं. दौंडच्या ऑपरेटरनं विचारलं, "थ्री मिनिट्स. एक्स्टेंड?" मी म्हटलं, "एक्स्टेंड."

नाना परत आले. त्यांचा आवाज आता वेगळा होता.

"उजवा हात उचलत न्हाई बाई. वर धरला तर पडतोय. तोंड डाव्या अंगाला गेलंय." मग ते म्हणाले, "माज्याकडं बघत हुता त्यो. समदं कळतंय त्याला. डोळ्यातनं पानी येतंय."

सरूबाईंच्या हातातून रिसीव्हर सुटला.

मी इनामदारांची कॉर्ड लावली आणि त्यांना थेट नानांशी जोडून दिलं. डॉक्टर भराभर बोलले. काहीही पाजू नका, घशात अडकून श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवा. तिथल्या डॉक्टरला आत्ता बोलवा आणि जीप काढून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. कधी सुरू झालं ते विचारून घ्या. नाना म्हणाले, "सकाळी न्हावऱ्याला." "जीप काढा," डॉक्टर पुन्हा म्हणाले.

देवकर माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. कॉल संपल्यावर म्हणाले, "बाई, आपल्याला मध्ये बोलायचा अधिकार फक्त तीन मिनिटं झाली हे सांगण्यापुरता."

"साहेब, तीन मिनिटं झाली होती," मी म्हटलं.

त्यांनी पुढे काही केलं नाही.

आप्पा जगले. मेंदूच्या डाव्या बाजूची नळी बंद झाली होती, ब्लडप्रेशर भलतंच वाढलेलं होतं. ते किती वर्षं वाढलेलं असेल, कुणास ठाऊक. कुणी कधी मोजलंच नव्हतं. दोनेक महिन्यांनी त्यांना परत आणलं. उजवा पाय ओढत चालता यायचं. उजवा हात गेला तो गेलाच. आणि वाचा गेली. समोरच्याचं सगळं कळायचं, पण तोंडातून एकच आवाज यायचा. त्यात कधी राग असे, कधी विनवणी. लिलाव दुसरं कुणीतरी पुकारायला लागलं. सकाळचा दौंडचा कॉल नाना तिकडून लावत, आणि इकडे सरूबाई भाव ऐकून घेत.

मी इनामदारांना विचारलं, त्या दिवशी ट्रकमध्ये आणि गोडाऊनमध्ये वेळ गेला नसता तर? ते खोटं बोलणारे नव्हते. म्हणाले, "ते तास वाचले असते तरी फार फरक पडला नसता. झालेला झटका परतवायला आज आपल्याकडे औषधच नाही. फरक पडला असता तो आधीच्या तीन आठवड्यांनी."

आता ते औषध आहे, मुलांनो. रक्ताची गाठ विरघळवणारं. पण ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. म्हणून आता ते तासही मोलाचे झाले आहेत. तुमच्याकडे जो कुठला ॲम्ब्युलन्सचा नंबर असेल तो लावायचा आणि लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ सांगायची. थोड्या वेळानं सगळं ठीक झालं तरी जायचं. बरं वाटणं ही सुटका नसते. आणि तुमच्या बाबाला सांगा, "आज बरं वाटतंय" म्हणून ब्लडप्रेशरची गोळी चुकवायची नाही. आप्पांनाही रोज बरंच वाटत होतं. शिवाय त्यानं जेवताना वरून मीठ घेणं बंद करावं. मी इथून बघू शकत नाही, तुम्ही बघा.

मी आप्पांना भेटायला गेले होते. ते गाळ्याच्या दारात खुर्चीवर बसले होते. मला बघून ओळखलं. मी बोलले तेव्हा डोळ्यांतून हसले. मग त्यांनी डावा हात उचलला, मूठ केली, अंगठा तोंडाकडे नेला, पिण्याची खूण करतात तसा. आणि जोरजोरानं मान हलवली. नाही. नाही. पुन्हा अंगठा, पुन्हा नाही.

"येनाऱ्या परतेकाला हेच करत्यात," सरूबाई म्हणाल्या. "दिसभर."

मी म्हटलं, "मला माहीत आहे, आप्पा." त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

नाना गावभर सांगत फिरले, की दादाला लकवा झालाय, त्यानं कधीच घेतली नव्हती. लोक ऐकून घेत, "व्हय, व्हय" म्हणत. भाऊ भावाची बाजू घेणारच, असं त्यांच्या चेहऱ्यावर असे. काही महिन्यांनी एक्स्चेंजच्या बाहेरच्या बाकड्यावर मी दोघांना बोलताना ऐकलं.

"शेवटी दारूनंच खाल्लं आप्पाला."

"अजून सुटली न्हाई. येईल त्याला अंगठा दावून मागतोय."

त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली. बोर्डावर तेवढ्यात तीन झडपा पडल्या होत्या, त्या घ्याव्याच लागल्या.

आप्पा त्यानंतर सहा-सात वर्षं जगले. मांडवगणात हातभट्टी पुन्हा सुरू झाली, त्यांच्या हयातीतच.

या सगळ्यात दुष्ट कुणीच नव्हतं. बाळूचा जीव होता त्यांच्यावर. नानांचा होता. आदर होता म्हणूनच कुणी त्यांच्या तोंडाजवळ गेलं नाही, कुणी दिवसाउजेडी त्यांच्याकडे नीट पाहिलं नाही. तेव्हा तुम्हाला एवढंच सांगते. एखाद्याचं बोलणं अचानक जड झालं, तोंड वाकडं दिसलं, हात लुळा पडला, तर तो काय प्यायला असेल याचा विचार नंतर करा. जवळ जा, आणि माणूस कितीही मोठा असला तरी त्याला दोन्ही हात वर करायला सांगायची लाज बाळगू नका.